न दुखणारा हात

११ नोव्हेंबर, सोमवार

…अंगण झाडलं, बंब पेटवला, तुळशीला पाणी घातलं, पीठ चाळलं. त्या गुरुवारी सकाळी सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. पहिली भाकरी चांगली फुगली. दुसरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि रस्त्याकडं बघत बसले. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात. एक गचके खात चालली होती. मग वास आला. भाकरी करपल्याचा नव्हे. खाली बघितलं तर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तव्याच्या काठाला टेकलेलं. टेकलेलं कसलं, चिकटलेलं.

दुखलं नाही. काहीच कळलं नाही.

इंदूनं पलीकडनं विचारलं, "आवं आक्का, काय जळाय लागलंय?" धाकटी जाऊ, भिंतीला भिंत. तिचं नाक कायम माझ्याच घरात असतं. म्हटलं, भाकरी.

मुंग्या तर गेल्या पावसाळ्यापासून येतात. वयाचं म्हणून सोडून दिलं. आता फोड फुटून पाणी गेलं तरी दुखत नाही. दुखावं असं वाटतंय.

उजवा हात. ऑपरेशन झालं त्याच बाजूचा.

'ते' परत आलं असेल का. चार दिवस लिहायचं टाळत होते. आज लिहिलं.

१३ नोव्हें., बुधवार

उंब्रजला दाखवून आले. डॉ.नी हात बघितला, मान इकडंतिकडं वळवायला लावली. मणक्यातली गादी झिजलीय म्हणाले, या वयात व्हायचंच. गोळ्या आणि गळ्याला पट्टा. मी सांगितलं, या बाजूचं छातीचं ऑपरेशन झालंय, नंतर सांगलीला किरणांची लाईटही घेतली होती. कधी? बारा वर्षं झाली. मग त्याचा आता काय संबंध, म्हणाले, आणि पुढच्याला आत बोलावलं.

संबंध नाही हे ऐकून बरं वाटलं. एसटीत बसल्यावर बरं वाटायचं थांबलं. मान झिजली तर झिजू दे, पण बोट भाजलेलं का कळलं नाही? हे विचारायला पाहिजे होतं.

पट्टा घालून आलेली बघून इंदू म्हणाली, "आता मान ताठ हाय बघा. इलेक्शनला हुबं ऱ्हावा."

१७ नोव्हें., रविवार

गोळ्यांनी नुसती झोप येते. इंदूनं तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि खांद्यापासून मनगटापर्यंत शेकत बसली. तिच्या माहेरी सगळ्या दुखण्याला हेच. मी डोळे मिटून बसले. बरं वाटतंय का म्हणून विचारत होती, मी हो म्हणत होते. खरं म्हणजे खांद्याला ऊब लागत होती, कोपराच्या खाली काहीच नव्हतं. फडकं आहे की नाही तेही समजत नव्हतं.

तिनं पुरचुंडी उचलली तर खाली लालभडक. बघता बघता फोड धरला.

"भाजलं तर वरडायचं असतंय की वं!"

"कळलं असतं तर वरडले असते."

दोघी हसलो. मग ती पदर तोंडात घालून रडायला लागली. मी तिच्याकडं बघत बसले. माझाच हात आणि रडते ती.

हे असते तर, असं वाक्य वहीत लिहायचं नाही असं यांच्या वर्षश्राद्धाला ठरवलं होतं. आज पाळता आलं नाही.

२० नोव्हें., बुधवार

लेकीला सांगायचं नव्हतं. इंदूनं परस्पर फोन केला. वै. सकाळच्या गाडीनं सांगलीहून आली, चप्पल काढायच्या आधी हात बघितला. मला भिंतीकडं तोंड करायला लावलं, सुई घेतली. इथं टोचतंय? हो. इथं? हो. इथं? थोडं. मी सगळ्याला हो म्हणत गेले. कशाला उगाच पोरीला घाबरवायचं.

मागनं आवाज येईना. वळून बघितलं तर सुई तिच्या मांडीवर ठेवलेली.

"आई, मी टोचतच नव्हते."

मग चहा मीच केला. कपाचा कान उजव्या हातातून सुटला. वै.नं जमीन पुसली. साताऱ्याला नसांचे डॉक्टर आहेत, सोमवारचा नंबर लावला.

पट्टा काढून खुंटीला अडकवलाय.

२५ नोव्हें., सोमवार

सातारा. दिवस गेला. लिहायला हात उठत नाही, तरी लिहिते, राहिलं तर विसरेन. पेन्सिलला फडकं गुंडाळलंय, म्हणजे धरता येते.

डॉ. शांत माणूस. बोटांना करंट दिला, मग दंडात, खांद्यात सुया घालून मशीन लावलं. मी आधीच सांगितलं, ऑपरेशनपासून उजव्या हाताला सुई चालत नाही. हे होते तेव्हा प्रत्येक दवाखान्यात दारातूनच ओरडायचे, "उजव्याला सुई न्हाई हां!" डॉ. म्हणाले ही त्यातली नाही, बारीक आहे, जपून घालतो. मशीनमधून खरखर आवाज येत होता, पत्र्यावर वाळू पडावी तसा. तो माझ्या हाताचा आवाज, असं ते म्हणाले.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मानेतून नसांचा जुडगा निघतो, गळ्याच्या हाडाखालून काखेत जातो, तिथून हातात. त्या जुडग्यात बिघाड आहे. मणक्यात नाही. दोनच कारणं दिसतात म्हणाले. एक, जुना आजार तिथं पुन्हा आलाय. दोन, त्या वेळच्या लाईटनं नसा हळूहळू आतून वाळत चालल्यात. इतक्या वर्षांनी? वै.नं विचारलं. हो, इतक्या वर्षांनीही होतं. लाईट त्या दिवशी संपते, तिचं काम संपत नाही.

ती कुठं कुठं दिली होती, किती दिली होती, ते बघायला पाहिजे. फाईल आणा.

वै. माझ्याकडं बघायला लागली.

फाईल नाही. लाईट संपवून घरी आलो तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्यातच थांबवलं होतं. दुखण्याचं कागद घरात ठेवायचं नसतात, दुखणं माग काढत येतंय, म्हणाल्या. यांच्या मनात नव्हतं, पण आईपुढं बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी फाईल, फोटो, चिठ्ठ्या, सगळं पिशवीत घालून हे कृष्णेला गेले. नारळ फोडला, पिशवी सोडली, खोबरं घेऊन आले. आम्ही सगळ्यांनी ते खोबरं खाल्लं. मलासुद्धा हलकं वाटलं होतं.

मी डॉ.ना सांगितलं, नदीत सोडली. ते हसले नाहीत. म्हणाले, मग जिथं दिली तिथं विचारा. आणि सांगलीत लाईटच्याच एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा, मी चिठ्ठी देतो.

एसटीत वै. खिडकीशी. तिचा हात माझ्या डाव्या हातावर. उजवा मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.

२८ नोव्हें., गुरुवार

इंदू रोज येऊन भाकरी थापते. तिची भाकरी जाड. आज तसं म्हटलं तर, "जिवंत हाय तवर आयती मिळतीय, गुमान खावा." मग तिचं तिलाच कसंतरी झालं, परातीत बघत राहिली. मी म्हटलं, मीठ बरोबर पडलंय.

वाचनालयातून शरीराचं पुस्तक आणलं. त्यात नसांचं चित्र आहे, लाईटचं काही नाही. परत करून आले. वाचायला उशिरा शिकले, वै. पहिलीत होती तेव्हा तिच्या पाटीवर. तेव्हापासून वाटतं, जे काही आहे ते कुठं ना कुठं छापलेलं असणारच. हे मात्र सापडत नाही.

सांगलीची खोली आठवते. लाईटचे ते दीड महिने. दवाखान्यामागं एक खोली घेतली होती, पत्र्याची. मी जाऊन येऊन पडून असायची. यांनी भाकरी शिकून घेतली. पाटबंधाऱ्यात पाणी सोडणारा माणूस, उभ्या जन्मात परातीला हात लावला नव्हता. पहिली भाकरी खालून जळली, वरून कच्ची, आकार तालुक्याच्या नकाशासारखा. "खा, आन् सांग कोण चांगलं करतंय, तू का मी." मला गिळवत नव्हतं, तरी खाल्ली. शेवटी शेवटी बरी जमायला लागली होती.

घरी आल्यावर परत कधी केली नाही. मीही करू दिली नाही. आता चार वर्षं हे नाहीत.

नसा आतून वाळतात, हे वाक्य डोक्यातून जात नाही. आणि त्याच्या आधीचं, पहिलं वाक्य तर परत लिहीतच नाही.

२ डिसेंबर, सोमवार. सांगली, वै.कडे

जुन्या दवाखान्यात गेलो. ओळखू येत नाही. मशीन होतं तिथं आता दुसरंच काहीतरी. रेकॉर्डच्या माणसानं नाव लिहून घेतलं, वर्ष विचारलं, आणि वर्ष ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. ते सगळं तळमजल्याला होतं म्हणाला. महापुरात गेलं. चिखल उपसताना गठ्ठेच्या गठ्ठे लगदा होऊन निघाले.

आमची फाईल आम्ही नदीला नेऊन दिली. त्यांची नदी स्वतः येऊन घेऊन गेली. तीच नदी.

वै. बाहेर पायरीवर बसली. तिला म्हटलं, उठ, लोकांची जायची वाट आहे.

परवाचा नंबर आहे. कागद नसताना जायचं.

४ डिसें., बुधवार

डॉ. बाई आहेत, वै.च्याच वयाच्या. आवाज मोठा, पण त्रास होत नाही. मला मावशी म्हणाल्या. आधी मीच बोलावं म्हणाल्या, वै.ला गप्प बसवलं. तवा, मीठ, कप, सगळं सांगितलं. नदीचंही. "खोबरं तरी गोड होतं का?" म्हणाल्या. मला हसू आलं. दवाखान्यात हसू येईल असं वाटलं नव्हतं.

मग ब्लाउज काढायला लावला आणि खिडकीजवळ नेलं. व्रण बघतील असं वाटलं. त्या व्रणाकडं बघेचनात. चष्मा वर करून गळ्याच्या हाडाजवळ वाकल्या.

"हे गोंदण कुणी केलं?"

ते ठिपके. एक छातीच्या मधोमध, एक काखेखाली, एक गळ्याच्या हाडाच्या वर. मोहरीएवढे, निळे. मी विसरूनच गेले होते, अंगावरचा तीळ विसरतो तसं. लाईट सुरू व्हायच्या आधी तिथल्या माणसानं सुईनं टोचले होते, रोज मशीन त्याच जागी यावं म्हणून. सासूबाईंनी न्हाताना बघितले तेव्हा, "कपाळावर जागा न्हवती व्हय गोंदायला?" आणि हे म्हणायचे, सरकारी गोंदण आहे, पुसायचं नाही.

डॉ.बाईंनी टेप काढली. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत मोजलं, कागदावर माझी आकृती काढली, रेघा मारल्या. वरच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, लाईट नुसती छातीला नव्हती, इथंही होती, आणि हाताच्या नसा इथूनच जातात. म्हणजे दोन नंबरचं कारण असू शकतं. पहिलं नाहीच असं मात्र यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी एमआरआय.

कागद पाण्यात गेले आणि मीच कागद होऊन हिंडत होते बारा वर्षं.

मग त्यांनी विचारलं, दुखतं का? खांदा, काख, हात? म्हटलं, नाही. अजिबात? अजिबात नाही, तीच तर भीती. त्या म्हणाल्या, ती भीती सोडा. आजार उलटलेला असतो तेव्हा बहुतेक वेळा दुखतं, फार दुखतं. लाईटचं उशिरा निघतं ते जास्त करून बधिर करतं. नियम नाही, पण न दुखणं मला तरी बरं वाटतंय.

एवढे दिवस दुखावं म्हणून देवाला सांगत होते.

दारात पुन्हा हाक मारली. "मावशी, दुखायला लागलं तर त्याच दिवशी कळवायचं. रिपोर्टची वाट बघायची नाही. आणि लेकीपासून लपवायचं नाही, तुमची सवय दिसतीय."

वै.नं सुईची गोष्ट सांगितलेली असणार.

हात परत येईल का, हे मी शेवटी विचारलं. गेलेलं बहुतेक येत नाही म्हणाल्या, आहे ते सांभाळू. व्यायाम लिहून दिलेत. चुलीपाशी जायचं नाही, पाणी डाव्या हातानं बघायचं, उजव्या हाताकडं दिवसातून चारदा डोळ्यांनी बघायचं, कुठं लागलंय का. हाताला सांगता येत नाही, तेव्हा डोळ्यांनी विचारायचं.

६ डिसें., शुक्रवार

एमआरआय झाला. बाहेर मुलगी यादी वाचल्यासारखी म्हणाली, मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढून ठेवा. मग तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं. मीच म्हटलं, काही नाही काढायला, चला.

औषधाची सुई डाव्या हाताला घ्यायला लावली. दारातून ओरडायला कुणी नव्हतं, मीच ओरडले.

आत ठोकल्यासारखा आवाज. हात डोक्यावर धरून पडायचं होतं, उजवा राहीना, म्हणून पट्ट्यानं बांधला. डोळे मिटून खोलीतल्या भाकरी आठवत होते. पहिली जळकी, मग दुसरी, मग कधी गोल व्हायला लागली ते. आवाज थांबला तेव्हा गालावर पाणी होतं. पुसायला उजवाच हात उचलायला गेले, बांधलेला.

रिपोर्ट मंगळवारी, डॉ.बाईंच्या हातात. आम्हाला आधी मिळणार नाही.

७ डिसें., शनिवार

वै.कडेच. जावई हळदीच्या वखारीत, घरी येतात ते पिवळे होऊन. मला बघून हळू बोलतात. घरात सगळेच हळू बोलायला लागलेत. इंदूचा फोन, "कवा येताय? माज्या भाकरीला नावं ठेवाय कोण न्हाई हितं." ती पण हळूच बोलली. त्यानंच जास्त भ्यायला झालं.

डाव्या हातानं अक्षर काढून बघितलं. वै.च्या पाटीवरचं पहिलं अक्षर असंच होतं, पोट बाहेर आलेलं. पान फाडून टाकलं, मग परत चिकटवलं.

८ डिसें., रविवार

दुपारपर्यंत बरी होते. व्यायाम केला, हाताकडं बघितलं, कुठं लागलेलं नाही. वै. म्हणाली, आई, आज तुझा चेहरा बरा दिसतोय.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला डावा हात वर केला आणि उजव्या खांद्यात, आत, काखेच्या वरच्या बाजूला

९ डिसें., सोमवार

कालचं वाक्य तिथंच सोडलं. लिहिलं तर खरं होईल असं वाटलं.

दुखलं. चमक नव्हे. आत कुणीतरी बोटानं दाबून धरल्यासारखं. मग गेलं. मग जेवताना परत आलं.

शुक्रवारी हात बांधून पडले होते त्यानं असेल. एसटीत पिशवी धरली होती. सांगलीची हवा गार. व्यायाम जास्त झाला. अशी कारणं काढत बसले. एक काढलं की खांदा ते खोटं ठरवायचा.

महिनाभर दुखावं म्हणून झुरले आणि दुखायला लागलं तर त्याच्याइतकं भ्याले नाही कशालाच. तव्यालाही नाही. न दुखणारा हात बरा होता. तो गेलेला होता, पण 'ते' नव्हतं.

काल वै. समोर बसून मेथी निवडत होती. दोनदा तिनं बघितलं. दोनदा मी भाजीला चव कशी आहे ते सांगितलं. ती म्हणाली, आई, अजून शिजायचीय. मंगळवारपर्यंत काय फरक पडतो, असं स्वतःला सांगत होते. एकच दिवस. पोरीला एक दिवस तरी जास्त मिळू दे, मलाही. डॉ.बाईंचा आवाज मधेच यायचा, सवय दिसतीय म्हणणारा. आणि यांचा पण, दारातून. हे असते तर मला न विचारता सांगून मोकळे झाले असते, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं.

झोपताना खांदा उशीवर टेकवून बघितला. होतं.

आज सकाळी वै. दूध तापवत होती. मी स्वयंपाकघरात गेले, चुलीपासून लांब उभी राहिले आणि तिला सांगितलं, काल संध्याकाळपासून खांदा दुखतोय.